यात्रेतली नळी

माझी खालची दाढ गेली होती. तिच्या जागी कायमचा दात बसवण्यासाठी डॉक्टरांनी जबड्याच्या हाडात नुकताच स्क्रू बसवला होता. हिरडीवरचे टाके अजून ओले होते. "हाड स्क्रूला धरू द्या. तोवर मऊ खा, आणि काही चोखू नका," असं त्यांनी बजावलं होतं.

त्याच आठवड्यात शाहूवाडीकडं बहिणीच्या गावची यात्रा आली. फक्त पांढरा रस्सा आणि भात खाईन, असा मी बायकोला शब्द दिला होता. पण पंगतीत दाजींनी माझ्या ताटात मटणाची नळी ठेवली.

"पावणं, तुमच्यासाठी राखून ठेवलीया. सोडायची न्हाय!"

सगळे बघत होते. दाढ नाही, हे सांगायची मला लाज वाटली. मी नळी उचलली आणि आतला मगज जोर लावून ओढला. लगेच तोंडात रक्ताची चव आली.

परतताना गाडी चालवत होतो, पण जीभ सारखी तिकडंच जात होती. स्क्रू हलतोय असं वाटायचं, मग नाही असं वाटायचं. शेवटी गाडी बाजूला घेतली आणि मागं बसलेल्या बायकोला सांगितलं, "मी नळी चोखली."

"ठावं हाय की. बायकांच्या पंगतीपतुर आवाज आलता."

तिनं मोबाईलच्या उजेडात माझ्या तोंडात बराच वेळ बघितलं आणि डॉक्टरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. मला तोंड मिटायचीही भीती वाटत होती.