खंडेनवमीचा नारळ आणि दोन कॉइली

मंडळी, आत्ताच घरी आलोय. मन ठिकाणावर नाही.

सकाळी खंडेनवमीची पूजा. आईने माझ्या मोटरसायकलला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सगळं पाणी भक्तिभावाने इंजिनावर ओतलं. ते ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलमध्ये शिरलं. ठिणगीच पडेना.

तेवढ्यात कशेळ्यापलीकडच्या वाडीतला एक ठाकर धापा टाकत दवाखान्यात आला. "डाक्तर, बायको अडलीया. भायेर टांगा हाय, चला."

"थांब रे, गाडीवर लवकर पोचू," मी म्हणालो. कर्जतात मोटरसायकल एकट्या माझ्याकडे!

जवळ कॉइली दोन. एक नवीकोरी, पण मोटारीची. दुसरी याच गाडीची जुनी, तापली की बंद पडणारी. आधी कोरी लावली. ठिणगी अगदीच मिणमिणती. मग जुनी लावली, गाडी सुरू झाली आणि त्याला मागे बसवून निघालो.

कशेळ्याच्या अलीकडे कॉइल तापून बंद पडली. मी तिच्यावर ओलं फडकं धरून बसलो. तो उतरून पळत पुढे गेला.

मी पोचलो तेव्हा बाळ रडत होतं. त्याची आई गेली होती.

कोणती कॉइल लावायला हवी होती, ते मला सांगू नका. टांगा दारात उभा असताना मी कॉइली का निवडत बसलो, ते सांगाल का कुणी?