साडेवीस इंचांचा शिपाई

आमच्या खालच्या मजल्यावर कपडे शिवणारे मास्तर राहतात. माणूस सोन्यासारखा, फक्त गळ्यात टेप घालूनच जन्माला आलेला. कोणी भेटलं की आपण चेहरा बघतो, हे खांदे बघतात. "तुमचा डावा खांदा उतरलाय हं," असं त्यांनी मला एकदा बायकोसमोर सांगितलं. तेव्हापासून घरातल्या सगळ्या पिशव्या माझ्या उजव्या खांद्यावर असतात, समतोल साधायला.

अशा माणसाला भंगारवाल्याकडे लढाईतलं जुनं लोखंडी हेल्मेट सापडलं. आत चामड्याची पट्टी, ती दोरीने आवळून गाठ मारलेली. बाजूला एका तुकडीची खूण रंगवलेली. नाव मात्र पुसून गेलेलं.

"हे ज्याचं आहे त्याच्या घरी गेलं पाहिजे," मास्तर म्हणाले.

"जाईल तेव्हा जाईल. आधी माझ्या पिठाच्या डब्यावरून हलवा," त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या.

दुसऱ्या कोणी भिंग लावून शिक्के शोधले असते. मास्तरांनी पट्टीचा घेर मोजला. खुणेवरून तुकडी कळली होतीच. मग युद्धाची जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या कचेरीला त्यांनी पत्र धाडलं: 'या तुकडीत एकवीस इंच डोक्याचा शिपाई कोण होता? एवढं लहान डोकं सहसा आढळत नाही.' ते वाचून मी इतका हसलो की चहा नाकात गेला.

पण महिन्याभरात उत्तर आलं. साठी उलटलेले मास्तर एकेका ढांगेत दोन-दोन पायऱ्या चढत माझ्या दारात. कचेरीतल्या बाईंना तुकडीच्या शिंप्याची वहीच मिळाली होती. अडतीस जणांची नावं, घरचे पत्ते, टोप्यांची मापं. त्या पानांच्या झेरॉक्स मास्तरांनी माझ्यासमोर पसरल्या.

"बघा, आपल्याच धंद्यातला माणूस. अक्षर घाईचं, पण आकडा कसा स्वच्छ."

एकवीस इंच एकच निघाला, तुकडीचा आचारी. तो कधीच वारला होता. पत्त्यावर चौकशी केली तर कळलं, नातू शेजारच्या गावात टायर विकतो. मास्तरांनी फोन लावला. नातवाला इतका आनंद झाला की त्याने त्याच दिवशी घरी भिंतीवर फळी ठोकून घेतली. रविवारी न्यायला येतो म्हणाला.

रविवारी तो आला. दारातून आडवं होऊन शिरावं असा देह, आणि डोकं कलिंगडाला लाजवेल असं.

"या घराण्यात एकवीस इंच कुठून आलं हो?" मी वहिनींच्या कानाशी कुजबुजलो.

"गप्प बसा, भावजी. पाहुणे आहेत."

मास्तर नुसते फुलले होते. कसा शोध लावला ते दाखवायला त्यांनी टेप पट्टीभोवती फिरवला. वहिनींनी सवयीने पेन्सिल उचलली. दुकानात हे बोलतात आणि त्या लिहितात.

"एकवीस," मास्तर म्हणाले.

वहिनींची पेन्सिल हवेतच थांबली. "अहो, टेपवरचं एकवीस, की तुमचं एकवीस?"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. गिऱ्हाइकाला श्वास घ्यायला जागा हवी, म्हणून मास्तर प्रत्येक माप अर्धा इंच वाढवूनच बोलतात. चाळीस वर्षांत जीभच तशी वळली आहे. वहीतल्या शिंप्याने मात्र वाढ न धरता उघडं माप लिहिलं होतं, पहिल्या पानावर तशी टीपही होती.

मास्तरांनी टेपकडे पाहिलं. मीही वाकलो, माझं नाक अशा वेळी मागे राहत नाही. साडेवीस.

नातू दोन्ही हात पुढे करून उभा. मास्तर चूप बसले असते तर हेल्मेट त्या फळीवर गेलं असतं, आणि कोणाला पत्ताही लागला नसता. वहिनी नवऱ्याकडे एकटक बघत होत्या.

"साहेब, चूक माझी," मास्तर म्हणाले. "हे तुमच्या आजोबांचं नाही."

नातवाने हात खाली घेतले. चेहरा हवा गेलेल्या टायरसारखा. मला वाटलं, आता हा भडकणार. पण तो म्हणाला, "मग साडेवीसवाला कोण?"

चार डोकी कागदावर आदळली. साडेवीसही एकच होता. निरोप्या. पुढे शेरा, परत आला नाही. आणि पत्ता आमच्याच शहरातला, नदीपलीकडचा.

"चला, गाडी खाली आहे," नातू म्हणाला. वहिनी पायात दोन वेगळ्या चपला घालून निघाल्या. पूल ओलांडेपर्यंत मास्तरांनी "घर असेल ना हो अजून?" हे सात वेळा विचारलं.

घर होतं. दारावर आडनावही तेच. सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी दार उघडलं. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. वडील लढाईवर गेले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. मास्तरांनी अडखळत सगळं सांगितलं. बाईंनी हेल्मेट मांडीवर घेतलं आणि आतली गाठ चाचपत राहिल्या.

"ही त्यांनी बांधलीय?"

"त्यांचीच असणार. मी सोडवलेली नाही."

"आजी," नातू मध्येच म्हणाला, "तुकडीचे आचारी माझे आजोबा. तुमचे वडील त्यांच्या हातचं जेवलेत."

आणि एवढा अवाढव्य माणूस धावत गाडीकडे गेला. आजोबांचा तुकडीबरोबरचा फोटो आम्हाला दाखवायला आणला होता, तो गडबडीत मागच्या सीटवरच राहिला होता. बाईंनी चष्मा पुसला. रांगेवरून बोट सरकत गेलं.

"आई म्हणायची, आधी कान दिसायचे, मग माणूस."

बोट एका काटकुळ्या पोरापाशी थांबलं. हेल्मेट कानांवर टेकलेलं. बाईंनी भिंतीवरच्या आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा बोटाकडे पाहिलं.

"हेच."

"त्यांच्या शेजारी पळी धरलेत ते माझे आजोबा," नातू गुडघ्यांवर बसत म्हणाला.

"मग उभे काय राहिलात सगळे? बसा," बाई म्हणाल्या. "मला पहिल्यापासून सांगा."

मास्तरांनी भंगारवाल्यापासून सुरुवात केली, आणि वहिनींनी त्यांना एकदाही आवरलं नाही.