एकच पीस

डगी लेडलॉने ग्लासगोत जन्मभर बस चालवली. बस तेवढी तो कधी कुठे विसरला नाही. बाकी छत्र्या, चष्मे, एकदा कवळी आणि एकदा तर ओबनला बोटीच्या धक्क्यावर बायकोसुद्धा. एफी ते अजून ऐकवते.

अशा माणसाने निवृत्तीनंतर काय पत्करावं? तर कुणी दान केलेल्या रक्ताच्या मूळपेशी थंड पेटीत घालून, विमानाने परगावच्या कर्करोगाच्या पेशंटपर्यंत पोचवायच्या! पेटी हातातून सोडायची नाही. पलीकडच्या पेशंटची स्वतःची हाडांतली मज्जा औषधांनी आधीच मारलेली असते. पेटी हरवली तर तो जीव गेलाच. हे ऐकून डगीला भीती वाटली. मग नकार का दिला नाही? मला वाटतं, नाही म्हणायची त्याला त्याहून जास्त भीती वाटली.

"तुझं सगळं पाठीवर," एफीने ठरवून टाकलं. "चाकांची बॅग नको. ती सांभाळत बसशील आणि पेटी ठेवशील चहाच्या टेबलाखाली."

दुकानात डगीने सगळ्या सॅक पाठीवर चढवून पाहिल्या. मोठी घ्यावी तर ती विमानाच्या पोटात टाकणार. मग उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळत उभं राहायचं, आणि ताटकळताना पेटी खाली ठेवली की संपलं. लहान घ्यावी तर त्यात स्वेटर मावेना. शेवटी त्याने छातीवर बक्कल असलेली बेताची सॅक घेतली.

"बक्कल कशाला?" एफीने विचारलं.

"म्हणजे चुकून काढून ठेवणार नाही."

मग आठवडाभर तो सॅक पाठीवर नि पावाचा डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. दोनदा डबा बाथरूममध्ये सापडला. एफी हसली नाही, तेव्हा तो खरा घाबरला.

जायच्या दिवशी विमान खच्चून भरलेलं. दाराशी इंग्लंडहून नुकतीच आलेली एक पोरगी उभी होती. "सर, एकच पीस आत न्यायचा. जागा नाही."

ग्लासगोत पीस म्हणजे घरून बांधून नेलेलं सँडविच. एफीने दोन दिले होते, एक चीजचा, एक जॅमचा. हिला कळलं कसं? त्याने जॅमचा पीस खिशातून काढून कचऱ्यात टाकला.

"आता एकच आहे, बाई. शपथ."

पोरगी बघतच राहिली. मागची म्हातारी ओरडली, "अरे येड्या, खायचा पीस नव्हे, सामानाचा! सॅक मागतेय ती तुझी!"

सगळी रांग हसली. डगीला हसू आलं नाही. बक्कल त्याला उघडेना. शेवटी म्हातारीनेच ते सोडवलं आणि सॅक खाली विमानाच्या पोटात गेली.

मग वाटभर त्याची पाठ रिकामी होती. सारखं वाटायचं, काहीतरी मागे राहिलंय. दचकून बघावं तर पेटी मांडीवरच. डोळा लागू नये म्हणून चहा घ्यावा, तर तोही तो प्यायला नाही. प्यायला तर संडासात जावं लागलं असतं, आणि तिथे पेटी ठेवायची कुठे?

बर्लिनच्या इस्पितळात नर्सने सही केली आणि पेटी धरली. डगीची बोटं सुटेनात. "द्या आता," ती हळूच म्हणाली, "ती मुलगी वाट बघतेय." मुलगी! तोवर त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर येऊन त्याने घरी फोन लावला.

"पोचली, एफी."

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. "आणि तू? जेवलास? स्वेटर घाल, तिकडे गारठा असेल."

स्वेटर सॅकमध्ये होता. डगीचा हात छातीकडे गेला. बक्कल नव्हतं. सामानाच्या पट्ट्याजवळून तो सरळ चालत आला होता, मान वळवूनही न बघता.

"एफी, रागावू नकोस. सॅक विमानतळावरच राहिली. विसरलो."

तो बोलणी खायला डोळे मिटून उभा राहिला.

"शाब्बास, डगी," एफी म्हणाली, आणि रडायला लागली.