प्लेटांची खंडेनवमी

धाकट्या भावाचं घर आणि वर्कशॉप तलवाड्याच्या शिवारात, शेतातच आहे. विजेची लाइन तिथून बरीच लांब, डांबरी रस्त्याच्या कडेने जाते. खांबाची वाट पाहायची नाही असं ठरवून त्याने शेडवर सोलरच्या आठ प्लेटा बसवल्या आणि पडवीत बॅटऱ्या मांडल्या. वेल्डिंग, ग्राइंडर, घरातला पंखा, फ्रिज, आईचा टीव्ही, सगळं त्यावरच चालतं. ग्राइंडर आणि मिक्सर मात्र एकदम लावायचे नाहीत. म्हणून शेडमधून भाऊ ओरडतो, "लावू का?" आणि स्वयंपाकघरातून भावजय उत्तर देते, "थांबा, वाटण राहिलंय!" नव्या पाहुण्याला ते भांडण वाटतं.

मागच्या नवरात्रात मी तिथे होतो. दसरा झाला की ऊस तोडायला कर्नाटकात जाणारी टोळी निघते. निघण्याआधी कोयत्यांना धार लावून, मुठी बदलून घेतात. टोळी नेणारा मुकादम भावाकडे पहिल्यांदाच काम देणार होता. त्याच्या टोळीचं काम मिळालं, तर आजूबाजूच्या टोळ्याही येतील, असा भावाचा हिशेब होता. मुकादम कोयत्यांची दोन पोती टाकून गेला, पण प्लेटांकडे पाहत बोलून गेला.

"मिस्त्री, दसऱ्याला सांजच्याला कोयते न्यायचे हायेत. दुसऱ्या दिवशी ट्रक भरायचा. आभाळ आलं म्हणून सांगितलंस तर मला चालायचं न्हाई. बाजारातल्या दुकानाला लाइट हाय."

"दसऱ्याला या. मोजून घ्या," भाऊ म्हणाला.

पुढचे दोन दिवस ढगाळ गेले. ग्राइंडर थोडा चालला की इन्व्हर्टर शिट्टी वाजवायचा. एक पोतं जेमतेम झालं आणि बॅटऱ्या तळाला गेल्या. खंडेनवमीला सकाळी स्वच्छ ऊन पडलं. दिवसभर बॅटऱ्या भरल्या, तर दसऱ्याला दुसरं पोतं उरकेल, असं म्हणून भाऊ ग्राइंडरची चाकं आणायला बाजारात गेला.

तो परत आला तेव्हा पूजा झाली होती. आईने ग्राइंडर, ड्रिल, हातोडे, पाने सगळं धुऊन-पुसून हळदी-कुंकू लावलं होतं. मग तिला प्लेटा आठवल्या. भावजयीला शिडीवर चढवून तिने प्रत्येक प्लेटवर झेंडूची जाड माळ आडवी घालून घेतली होती. खालून पाहताना शेड छान दिसत होतं. भावाने पडवीतला मीटर पाहिला. एका प्लेटवर सावली पडली तरी तिच्या ओळीतल्या सगळ्या प्लेटांचा जोर कमी होतो, आणि इथे तर आठही झाकल्या होत्या.

"आय, माळा कावून घातल्या?"

"कावून म्हंजे? ग्राइंडरला माळ, आन् त्याला चालवणारीला न्हाई?"

"काढतो मी."

"हात लावू नको. पूजा झालेलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं न्हाई. तुझ्या बापानं कधी नवमीला नांगर धरला न्हाई."

"मग पंखा बी बंद करू? तो बी यावरच चालतो."

"कर की!"

भाऊ माझ्याकडे पाहू लागला. आईशी सणावारावरून वाद घालून आमच्या घरात कोणी जिंकलेलं नाही. भावजय शिडी धरून उभी होती. तिने सासूला विचारलं, "आत्याबाई, विहिरीची पूजा केल्यावर झरा बंद करतो का आपण?"

आईने वर प्लेटांकडे पाहिलं.

"झरा कोण बंद करंल," ती म्हणाली. "उपसायचं न्हाई त्या दिवशी, एवढंच." आणि मग भावाला, "माळा खाली दांड्याला बांध. भरू दे काय भरायचं ते. पर आज घरात बटन दाबायचं न्हाई कुणी."

"तुझी मालिका?"

"ती काय हत्यार हाय?"

"करंट त्याच विहिरीतला हाय, आय."

"बरं. न्हाई बघत," आई म्हणाली आणि सुपाने वारा घेत उंबऱ्यात बसली.

माळा प्लेटांखालच्या लोखंडी दांड्यांना गेल्या. काचेच्या कडेला कुंकवाची बोटं उमटली होती, ती तशीच राहिली. कुंकू पुसायला कोणी हात लावला नसता. भावजयीने चटणी पाट्यावर वाटली. फ्रिजमधलं दूध काढून तिने खीर केली. दुपारी घर इतकं शांत होतं की शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. भाऊ अधूनमधून मीटर पाहून यायचा. संध्याकाळी तो म्हणाला, "एवढ्या भरलेल्या मी बसवल्यापासून बघितल्या न्हाईत." घराने दिवसभर काही वापरलंच नव्हतं.

दसऱ्याला घट उठले, जेवणं झाली आणि भावाने ग्राइंडर लावला. दुपारनंतर पुन्हा आभाळ भरून आलं. प्लेटांकडून येणारा करंट नावापुरता उरला. ग्राइंडर बॅटरीवर चालत राहिला. मुकादम आला तेव्हा त्याच्यामागे टोळीतली काही जोडपीही आली होती. नवरा-बायकोच्या जोडीलाही इकडे कोयताच म्हणतात. मुकादमाने आधी आभाळाकडे पाहिलं, मग शेडकडे.

"कशावर चाललाय बे हा?"

"कालच्या उन्हावर," भाऊ म्हणाला.

एका बाईने पोत्यातून आपला कोयता हुडकला. बांधावरचं मक्याचं वाळलेलं धाट एका हाताने धरून तिने तो फिरवला. आवाज न होता धाटाचे दोन तुकडे झाले. "धार लागलीय," ती नवऱ्याला म्हणाली. "आता तुझा बघ."

मुकादमाने कोयते मोजले, सगळे भरले, आणि दोन्ही पोती मोटरसायकलवर बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक गेला. त्याच दुपारी मुकादमाचा भाचा दुसऱ्या टोळीचे कोयते घेऊन आला आणि कधी मिळतील म्हणून विचारू लागला. भावाने बाहेर येऊन आभाळ पाहिलं, आणि परवाचा दिवस दिला.