हात लावला तरी टिकणारं पान

नंदाबाई काही नवं बनवलं की आधी मोडून बघायला माझ्याकडं आणायच्या. "काका, मोडा बघू," म्हणायच्या. मी चौथी पास, जोयड्याजवळच्या जंगलातल्या एका लॉजवर स्वयंपाकी. मुद्दाम मोडायला मला दुसऱ्या कुणी कधी सांगितलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मालकांनी कॉम्प्युटर घेतला आणि लॉजचं इंटरनेटवरचं पान करायला बेळगावहून या बाईंना आणलं. पानात त्यांनी काही ओळी लिहिल्या होत्या. त्या ओळींमुळं कुठली खोली रिकामी ते बेळगावचं मोठं मशीन आपोआप दाखवायचं. जेवणाचा बेत मात्र रोज मी बदलायचा. त्यासाठी वेगळा प्रोग्राम होता. पान जसं दिसतं तसंच समोर यायचं, शब्द खोडून शब्द लिहायचा. पहिल्याच दिवशी मी "सोलकढी" खोडून "ताक" लिहिलं आणि जपून ठेवायचं बटण दाबलं. त्या प्रोग्रामला बाईंच्या ओळी कळल्या नाहीत. त्यानं कचरा समजून सगळ्या काढून टाकल्या. भरलेली खोलीही पानावर रिकामीच दिसत राहिली आणि रविवारी एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं दारात उभी.

मालक माझ्याकडं बघायला लागले. बाई म्हणाल्या, "काकांनी काय मोडलं नाही. हात लावल्यावर मोडतंय म्हणजे पान मीच कच्चं केलंय."

माझं चुकलं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

मालकांनी पंधरा दिवस दिले. जमलं तर बाईंची नोकरी पक्की, नाहीतर परत बेळगाव.

बाई खपत होत्या. दर खेपेला मी बेत बदलायचा आणि ओळी जायच्या. वैतागून म्हटलं, "बाई, मला हातच लावू देऊ नका, मिटलं."

"मग बेत कोण लिहिणार? मला भात शिजला का कच्चा ते पण कळत नाही."

"आमच्यात मधाचं पोळं दिसलं की झाडाला गवताची जुडी बांधत्यात. मग दुसरा हात लावत न्हाई."

"माणसाला जुडी कळते, काका. या प्रोग्रामला कुठली कळते तेच शोधतेय."

चौदाव्या दिवशी ती सापडली. पानावर न दिसणाऱ्या ज्या खुणांमधलं तो प्रोग्राम वाचत नाही आणि पुसतही नाही, त्यांच्यात बाईंनी ओळी ठेवल्या, बाहेर, पानावर दिसेल तिथं, नमुन्याला "खोली रिकामी" एवढंच लिहिलं. मी दहा वेळा बेत बदलला. ओळी जागच्या जागी.

मीच मालकांकडं गेलो. त्यांनी काम आदल्या दिवशीच हुबळीच्या कुणाला दिलं होतं.

"पान टिकलं, साहेब. मी सोता बघितलंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"त्या रविवारचा घोळ माझ्या हातनं झाला. बाईंचा दोष न्हाई."

"म्हणूनच. नव्या पानाला तू हात लावायचा नाहीस."

मी हातच लावणार नसलो तर हात लावून टिकणारं पान कुणाला हवं? जन्मात कुणाची विनवणी केली नव्हती, ती केली आणि तीच बाईंना भोवली.

स्वयंपाकघरात बाई वाट बघत बसल्या होत्या. "काय म्हणाले?"

"आधी जेवून घ्या, बाई," मी म्हटलं आणि ताट वाढलं.

जेवता जेवता त्यांना कळलं असावं. एरवी दुसऱ्यांदा भात घेत नसत, त्या दिवशी मागून घेतला.