सुनेचं पथ्य

माझ्या सुनेनं पथ्य मोडलं, असं मी चार लोकांसमोर म्हणालो. ते खरं नव्हतं. खरं काय, हे मी तिला विचारलंही नव्हतं. माझी माळ खोटी ठरू नये, एवढ्यासाठी मी बोललो.

धनजजवळच्या आमच्या गावात काविळीची माळ आमच्या घरी मिळते. वडील द्यायचे, त्यांच्यामागे मी देतो. रविवारी सकाळी अंघोळ करून, दत्त महाराजांचं नाव घेत झाडपाल्याच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफायचे आणि ती माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. काड्या वाळल्या की माळ सैल होत जाते, डोक्यावरून गळ्यात उतरते. ती उतरली म्हणजे कावीळ उतरली, असं आम्ही मानतो. माळ उतरेपर्यंत रोग्यानं तेल-हळद खायची नाही, हे पथ्य. पैसा घ्यायचा नाही. लोक बरे व्हायचे आणि माझ्या पाया पडायचे. त्याची मला सवय लागली होती, हे लिहिताना लाज वाटते.

सून वैशाली लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पिवळी पडली. माळेनं कावीळ उतरली असं वाटलं, पण काही महिन्यांनी डोळे पुन्हा पिवळे झाले. अंगाला खाज, उजव्या कुशीत दुखणं, अधूनमधून थंडी वाजून ताप. या खेपेला माळ डोक्यावरून हललीच नाही. अंगणात बसलेल्या एका बाईनं विचारलं, घरच्याच माणसाले गुण कसा नाई? मी लगेच म्हणालो, "माहेरी जाऊन भजे खाल्ले असतीन. जिभीले लगाम नाई, तं माळ काय करन?"

लोक हसले. वैशाली ओट्यावर तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाई मामाजी, मी हळद बी खाल्ली नाई." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग नळावर बाया तिला भजेवाली म्हणू लागल्या. त्या दिवसापासून तिनं मीठ-भाकरीशिवाय काही खाल्लं नाही. माझ्या बायकोनं वरण वाढलं की ताट बाजूला सारायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

काही आठवड्यांनी एका रविवारी मी तिच्यासाठी पुन्हा माळ करायला बसलो. गाठ मारताना दोरा तुटला. वडिलांचा नेम होता, दोरा तुटला तर त्या रोग्याला पुढच्या रविवारपर्यंत माळ द्यायची नाही. दोरा जुना असेल, उन्हानं विरला असेल. मी त्याचा चमत्कार करत नाही. पण तोवर माझ्या हातून तो कधी तुटला नव्हता. मुलगा सचिन बाजूलाच उभा होता. म्हणाला, "बाबा, आता रविवारलोग तुमच्या हातात काईच नाई. मंग मी नेतो तिले दवाखान्यात." नेम माझ्याच घरचा. नाही कसं म्हणणार?

कारंज्याला सोनोग्राफी झाली. यकृतातल्या पित्ताच्या नळ्या फुगलेल्या दिसतात, खडा असेल किंवा गाठ, असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी अमरावतीला पाठवलं. गाठ म्हणजे काय हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. तिथे एमआरआय झाला. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून समजावलं. फुगलेल्या दिसल्या त्या नळ्या नव्हत्याच. नळ्यांच्या भोवती पाण्याचे बारीक फुगे होते, ओळीनं, आणि त्यातल्या एका मोठ्यानं नळी दाबली होती. कॅन्सर नाही, खडा नाही. असं क्वचितच सापडतं, म्हणाले. अडलेल्या पित्तात पू झाला होता, आणखी आठवडा गेला असता तर विष रक्तात पसरलं असतं.

मी विचारलं, तेल-हळद खाल्ल्यानं होते का हे? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खाण्याशी याचा काहीच संबंध नाही. उलट एवढं उपाशी कोणी ठेवलं हिला?"

सचिननं फिल्म पाकिटात घातली. माझं नाव त्यानं घेतलं नाही.

नळी टाकून पित्त मोकळं केलं. ताप उतरेपर्यंत मी दवाखान्याच्या पायरीवर बसून असायचो. महाराजांना काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं. तुमचं नाव घेऊन मी माझाच मान वाढवत होतो, एवढंच कबूल केलं. तुमच्या मनात असेल ते करा, म्हणालो. इतकी वर्षं नाव घेत आलो, पण हातातलं सोडून देणं म्हणजे काय, ते तिथे कळलं. दोरा त्यांनी तोडला की आपसूक तुटला, मला माहीत नाही. माझ्या हातानं होत असलेलं वाईट थांबलं, एवढ्याचेच उपकार मी मानतो.

वैशाली घरी आली. डोळे पांढरे झाले होते, तपासणीला मात्र जात राहावं लागणार. पहिल्याच रविवारी अंगणात माणसं जमली. त्यांना मी सांगितलं, आधी दवाखान्यात जाऊन या. मग सुनेला बाहेर बोलावलं. बायको कुजबुजली की सासऱ्यानं सुनेपुढं हात जोडू नये, लोक काय म्हणतीन. पण बोललो होतो ते लोकांसमोरच. मी उभा राहिलो, हात जोडले.

"वैशाली, तुनं पथ्य मोडलं नव्हतं. माहा मान राहावा म्हणून मी तुह्यावर ढकललं. मले माफ कर, माय."