रायफलीवरची देवनागरी

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत ट्रॉयला राहायला आलो. माझ्या व्हिसावर काम करता येणार नाही, हे पुण्यात असतानाच माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि जानेवारीत सकाळी नवरा गाडी घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत खिडकीतून बर्फ बघत बसणं वेगळं. पुण्यात मी शाळेत इतिहास शिकवायचे. दिवसभर बोलून घसा बसायचा. इथे संध्याकाळी नवऱ्याशी बोलायला गेले तर आवाज घोगरा यायचा, कारण दिवसभरात तोंडातून शब्दच निघालेला नसायचा.

एका दुपारी दारावर टकटक झाली. समोरच्या घरातले आजोबा होते. एकटेच राहायचे. तोवर आमची ओळख हात हलवण्यापुरतीच. हातात एक कागद होता. आमच्या दारावर मी 'शुभ लाभ'चं स्टिकर लावलं होतं, त्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ही अक्षरं तुला वाचता येतात ना? मग हे बघ बरं."

कागदावर पेन्सिल घासून कशाचा तरी ठसा घेतला होता. मी तो उलटा धरला, मग सुलटा केला. वरच्या ओळीत 'श्री' आणि त्यापुढे तीनचा आकडा. खाली 'पल्टन' आणि काही आकडे.

"ही आमची लिपी आहे! कुठे मिळालं हे?"

"माझ्या रायफलीवर," ते म्हणाले.

त्यांनी कॅटलॉगमधून लष्कराची जुनी रायफल मागवली होती. त्यांचे आजोबा इंग्रज फौजेत होते, म्हणून इंग्लंडची समजून घेतलेली. घट्ट वाळलेलं काळं ग्रीस आठवडाभर घासून काढलं, तेव्हा खालून ही अक्षरं निघाली.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "बंदूक? अगं, आपण व्हिसावर आहोत. हात लावू नकोस हं त्या बंदुकीला."

"मी फक्त वाचणार आहे."

"लांबून वाच."

आजोबांना मी उत्साहाच्या भरात सांगून बसले होते, की ही भारतातली असणार. पण 'श्री'पुढे तीन कशासाठी? आणि पाचाचा आकडा आपल्यासारखा नव्हता. शाळेत असते तर स्टाफरूममध्ये कुणाला तरी विचारलं असतं. इथे विचारायचं कुणाला?

लायब्ररीत इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरायचा. मला इंग्रजी येत होतं, तरी मी जायचे. तिथे कुणीतरी 'आज काय केलंस?' असं विचारायचं, एवढ्यासाठीच. त्या वर्गात काठमांडूची एक मुलगी होती. नवरा शिकत होता, ही माझ्यासारखीच घरी. मी तिला कागद दाखवला. तिने एकदा पाहिला आणि हिंदीत म्हणाली, "दीदी, ये तो हमारा है."

तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे राजाच्या नावाआधी पाच वेळा श्री आणि पूर्वी कारभार चालवणाऱ्या राणा घराण्यातल्या पंतप्रधानांच्या नावाआधी तीन वेळा. दर वेळी तेवढे श्री कोण लिहिणार, म्हणून आकडा.

पुढच्या आठवड्यात मी तिला आजोबांकडे घेऊन गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्यावर रायफल ठेवली होती. घरभर रॉकेलसारखा वास. ती वाकून एकेक अक्षर वाचत होती, हिंदीत मला सांगत होती आणि मी आजोबांना इंग्रजीत. तिने तर लाकडावरून हातही फिरवला. मी हात मागे बांधून उभी होते.

"म्हणजे इंग्लंडची नाही," आजोबा म्हणाले.

"नाही. नेपाळची."

ते खुर्चीत बसले. मला वाईट वाटलं. मग उठून त्यांनी आम्हाला कॉफी दिली आणि तिला विचारलं, "तुझ्या गावी आत्ता थंडी असेल का गं?" ती सांगत राहिली. बाहेर अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसलो होतो. त्या हिवाळ्यात मी इतकं कधीच बोलले नव्हते.

नंतर त्यांनी कुठून तरी एक पुस्तक मिळवलं. तसल्याच रायफलीचा फोटो दाखवायला ते आमच्या दारात आले. तिथल्याच कारागिरांनी हाताने घडवलेली, असं त्यात लिहिलं होतं. "प्रत्येक स्क्रू वेगळा आहे," ते म्हणाले. "मला वाटत होतं, माझेच हात थरथरतात म्हणून बसत नाहीत."

बर्फ वितळल्यावर त्यांचा मुलगा ॲरिझोनाहून आला आणि त्यांना घेऊन गेला. त्याला रायफल त्याच चादरीत गुंडाळून गाडीत ठेवताना मी खिडकीतून पाहिलं. निरोप घ्यायला खाली गेले, तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. उन्हाळ्यात काठमांडूच्या त्या मुलीच्या नवऱ्याला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली आणि तीही गेली. काही दिवस फोन झाले, मग तेही राहून गेले.

समोरच्या घरात एक तरुण जोडपं राहायला आलं. दोघंही सकाळीच कामाला जायची.